फॅमिली आहे का बरोबर?

मागच्या नवरात्रात मी पुण्याला भावाकडे होते. भाचा आणि त्याचे तीन मित्र संध्याकाळी दांडियाला म्हणून निघाले, ऑनलाइन पास काढलेले, नवे कुर्ते-बिर्ते घातलेले, परफ्यूमचा वास तर जिन्यात मागे रेंगाळत होता, आणि तास-दीड तासात चौघं परत दारात. गेटवर बाउन्सरने अडवलं होतं. स्टॅग एंट्री बंद आहे, बरोबर मुली असतील तर सोडतो. पासवर खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं म्हणे. भाचा वैतागून सोफ्यावर आडवा झाला, तर भाऊ टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, बरोबरच केलं त्यांनी, चार टोणगे एकत्र आले की काय दिवे लावतात ते मला माहितीये. वहिनीने काही न बोलता भाजी गरम करायला ठेवली. आणि भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, तुमच्या त्या सौदीत असंच होतं ना?"

मी म्हटलं, हो, साधारण असंच. आणि जेवायला बसलो.

पण ते "साधारण" मला काही झोपू देईना. कारण तसंच होतं हेही खरं आणि तसं अजिबात नव्हतं हेही खरं, आणि जेवताना पोळीचा घास घेता घेता सांगण्याइतकं ते सोपं नव्हतं. आम्ही 2009 ते 2014 रियाधला होतो. नवरा एका कन्स्ट्रक्शन कंपनीत, मी घरी. तिथल्या मॉल्सबद्दल इकडे लोकांना दोनच गोष्टी ऐकायच्या असतात, एक म्हणजे सोनं केवढ्याला मिळतं आणि दुसरं म्हणजे बुरखा घालावा लागायचा का. (अबाया घालायचे, हो. आणि उन्हाळ्यात खाली गाउन घातला तरी कुणाला कळत नाही हा त्याचा फायदा तिथल्या बऱ्याच मराठी बायकांनी पुरेपूर घेतला, मीही घेतला.) दारावरच्या त्या माणसाबद्दल मात्र कधीच कुणी विचारत नाही.

तेव्हा वीकेंड गुरुवार-शुक्रवारचा असायचा, शुक्र-शनि झाला तो 2013 मध्ये. गुरुवारी संध्याकाळी अख्खं शहर मॉलकडे निघायचं कारण दुसरं जाणार कुठे, थिएटर नाही, बागेत ऊन, रस्त्यावर पायी फिरायची सोयच नाही. काचेचा मोठा दरवाजा, तो उघडला की आतून थंड हवा आणि ऊदाचा वास एकदम तोंडावर यायचा, आणि त्या दरवाज्यात खाकी किंवा निळ्या शर्टातला गार्ड उभा. तो फक्त एक शब्द विचारायचा, "फॅमिली?" नवरा एकटा गेला, अगदी माझ्यासाठीच काही आणायला गेला, तरी गर्दीच्या वेळी त्याला बाहेरच ठेवायचे. तोच नवरा, तोच शर्ट, तीच दोन दिवसांची दाढी, पण मी शेजारी असले की "तफद्दल, तफद्दल" म्हणजे या या म्हणून हात आत वळायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला मजा वाटली होती. आयुष्यभर बायकांना कुठे जायचं तर बरोबर पुरुष लागतो हे बघत आलेली मी, आणि इथे तर गाडी चालवायचीही परवानगी नाही, नवऱ्याच्या इकाम्याला, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याला, लटकलेलं माझं सगळं अस्तित्व, आणि तरी या एका दारात माझ्यामुळे त्याला एंट्री! घरी आल्यावर मी त्याला म्हटलंसुद्धा, आज चहा तू कर, आज मी तुला मॉल दाखवला.

दाराबाहेर सौदी पोरांचे घोळके असायचे. एकोणीस-वीस वर्षांची, कडक इस्त्रीचे पांढरे थोब म्हणजे पायघोळ झगे, केस जेल लावून बसवलेले, गाड्या आमच्यापेक्षा भारी. त्यांनाही आत सोडत नसत. मग ती येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हळूच विचारायची, आम्हाला तुमच्याबरोबर घ्या ना, भाऊ आहे म्हणून सांगा. आत जाऊन ही पोरं काय करायची तर मुलींच्या मागे मागे फिरायचं आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकायची, म्हणजे गार्डला अगदीच खोटं पाडता येत नाही. माझी सौदी शेजारीण, चार मुलांची आई, ती तर हसून सांगायची की तिच्या धाकट्या दिराने असं कुणाकुणाच्या मागे लागून अख्खा उन्हाळा मॉलमध्ये काढला. त्या पोरांना तो खेळच होता. आज नाही सोडलं, उद्या आईला घेऊन येतील, परवा बहिणीला.

आता दापोलीकर.

हे त्याचं नाव नाही, साइटवर सगळे त्याला गावावरूनच हाक मारायचे. नवऱ्याच्या हाताखाली एसीच्या डक्टिंगच्या टीममध्ये होता, पंचविशीतला, कोकणी मुसलमान, मला "वहिनी" म्हणायचा आणि नवऱ्याला "साहेब". त्याच्या बोलण्यातलं मराठी ऐकलं की मला उगाच आपण गुहागरच्या एसटीत बसलोय असं वाटायचं. शहराबाहेरच्या कॅम्पमध्ये एका खोलीत आठजण, आणि शुक्रवारी कंपनीची बस त्यांना बथ्याला सोडायची. बथा म्हणजे रियाधमधली ती सगळी जुनी बाजारपेठ, तिथे शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसते, मल्याळी, बंगाली, पाकिस्तानी, नेपाळी, सगळे फुटपाथवर उभे, कुणी घरी पैसे पाठवायच्या रांगेत, कुणी गावाकडचा माणूस भेटेल म्हणून नुसताच. एकाही बाईचं तोंड दिसणार नाही. एकदा ईदच्या सुट्टीत नवऱ्याने त्याला घरी जेवायला बोलावलं होतं, आणि जेवण झाल्यावर तो लाजत लाजत म्हणाला, साहेब, त्या मॉलला एकदा आतून बघायचंय. तो मॉल म्हणजे त्याने ज्याच्या छतात दीड-दोन वर्षं डक्ट टाकलेले तोच. उद्घाटन झाल्यापासून आत गेलाच नव्हता. एकदा गेला होता तर गार्डने दोन बोटांनी नुसतं "यल्ला" केलं, चल, निघ.

मग आम्ही तिघं गेलो. गार्डने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दापोलीकरच्या चपलांकडे. मी म्हटलं, माय ब्रदर. गार्ड स्वतः आपल्याकडचाच होता, बहुतेक हैदराबादचा, त्याला सगळं कळलं असणार. त्याने मान बाजूला वळवली आणि आम्ही आत.

आत गेल्यावर सगळी दुनिया दुकानांकडे बघत होती आणि हा छताकडे. मान वर करून चालतोय, माणसांना धडकतोय, नवरा त्याला हाताला धरून सरळ करतोय. "साहेब, तो डिफ्युझर तिरका बसवलाय बगा, आपल्या टायमाला सरळ होता." एका कोपऱ्यात थांबून हात वर धरून हवा किती येते ते बघितलं, समाधान झालं. आइस्क्रीम घेतलं ते फॅमिली साइडच्या काउंटरवरून, कारण माझा "भाऊ" होता ना तो. मुलांच्या कपड्यांच्या दुकानात एक फ्रॉक हातात घेऊन किमतीचा टॅग उलटा-सुलटा बघितला आणि घडी घालून होता तिथे नीट परत ठेवला. त्याची मुलगी तेव्हा वर्षाची असेल. त्याने तिला अजून पाहिलेलं नव्हतं.

हा नियम बायकांसाठी आहे असं सगळे म्हणायचे, अगदी आमचे मराठी मंडळवालेही म्हणायचे, की बघा, बायकांची केवढी काळजी. पण दापोलीकरला फॅमिली नव्हती का? आई होती, बायको होती, मुलगी होती, दोन बहिणी होत्या. फक्त त्या दापोलीजवळच्या एका वाडीत होत्या, कारण फॅमिली व्हिसा मिळायला इकाम्यावरचा हुद्दा बरा लागतो आणि पगारही बरा लागतो. इंजिनिअर, डॉक्टर, अकाउंटंट असाल तर तुमची बायको तुमच्या शेजारी उभी. डक्ट फिटर, गवंडी, ड्रायव्हर असाल तर ती फोनमध्ये. म्हणजे व्हिसाच्या खिडकीत आधीच ठरलेलं असायचं कोण "फॅमिली" आणि कोण "बॅचलर", आणि बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे, तर ज्याला बायको आणायची ऐपत किंवा परवानगी नाही तो. पन्नाशीचा, सुना-नातवंडं असलेला केरळी सुतारही बॅचलरच. दारावरच्या गार्डचं काम म्हणजे ती व्हिसाची वर्गवारी मॉलच्या फरशीवर परत एकदा करणं. आणि त्यासाठी कागद बघायचीही गरज नाही, बाई दिसली की झालं. श्रीमंत सौदी पोरगा आणि दापोलीकर दोघंही दारात अडायचे हे खरं, पण एकाला घरी जाऊन बहीण आणता येत होती.

आता आतल्या बाजूचं. खोटं कशाला बोलू, आत मला आवडायचं. फूड कोर्टमध्ये सिंगल्स आणि फॅमिली असे दोन भाग, मध्ये दुधी काचेचं पार्टिशन, आणि बसून खायच्या हॉटेलात तर फॅमिलीला लाकडी खोके असायचे, तीन बाजूंनी भिंत आणि पुढे सरकतं दार किंवा पडदा. वेटर आधी टकटक करणार, थोडं थांबणार, मग आत. त्या खोक्यात मी मांडी घालून बसलेय, अबायाची बटणं उघडून, केस सोडून, नवऱ्याशी मोठमोठ्याने भांडलेयसुद्धा. शेजारच्या खोक्यातून सौदी बायकांच्या हसण्याचा जो गडगडाट यायचा तो मी आपल्याकडच्या कुठल्याही हॉटेलात ऐकलेला नाही. बाहेर ज्यांचे फक्त डोळे दिसतात त्या बायका आत एकमेकींच्या ताटातल्या फ्राइज पळवतायत, बाळाला पाजतायत, लिपस्टिक सारखी करतायत. किंगडम सेंटर या मॉलमध्ये तर तेव्हा एक अख्खा मजला फक्त बायकांचा होता, पुरुषांना मज्जाव, तिथे गेल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताच सगळ्यांचे नकाब वर. कुणी बघत नाहीये ही भावना काय असते ते मला, दादरच्या गर्दीत छातीशी पर्स धरून वाढलेल्या मुलीला, तिथे त्या मजल्यावर पहिल्यांदा नीट कळलं. हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतंय पण तसं झालं खरं.

आणि मग त्याच संध्याकाळी नमाजची वेळ व्हायची, शटर अर्धी खाली, आणि भूक लागलेली असताना जवळच्या साध्या, स्वस्त, मस्त वास येणाऱ्या हॉटेलात जावं तर तिथे फॅमिली सेक्शनच नाही. म्हणजे बाई म्हणून मला आत जागाच नाही. छोट्या हॉटेलांना दोन दरवाजे, दोन काउंटर, पार्टिशन परवडायचं नाही, मग ते सरळ फक्त पुरुषांचं. चांगली बिर्याणी नेमकी तिथेच. नवरा आत रांगेत आणि मी गाडीत, इंजिन चालू, एसी फुल, मांडीवर पार्सलची वाट बघणारा रुमाल. कितीतरी वेळा अशी बसलेय. 2016 मध्ये, आम्ही परत आल्यावर, बातमी वाचली की रियाधच्या एका कॉफी शॉपमधलं पार्टिशन पडलं म्हणून त्यांनी दारावर बोर्डच लावला, बायकांना प्रवेश नाही, ऑर्डर द्यायला ड्रायव्हरला पाठवा. इकडे सगळे हसले. मला ती पार्सलची गाडी आठवली. भिंत आहे तोवर बाईला जागा, भिंत पडली की बाई बाहेर.

सगळ्यात अजब प्रकार म्हणजे बायकांच्या आतल्या कपड्यांची दुकानं. एवढी भिंत, एवढे पडदे, एवढे खोके, आणि काउंटरच्या पलीकडे उभा कोण तर पुरुष. लेबनीज, फिलिपिनो, मल्याळी. बायकांनी दुकानात नोकरी करायची पद्धतच नव्हती ना. आणि ट्रायल रूमही नाही. तो माणूस अंदाजाने, मापाच्या टेपशिवाय, नुसत्या नजरेने अबायावरून साइज सांगणार आणि आपण कानाच्या पाळ्या तापेपर्यंत ऐकून घेणार. एकदा एका मल्याळी भाऊंनी मला "मॅडम, दिस वन फॉर यू टू मच" असं सांगितलं ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. जेद्दाच्या रीम असद या बाईंनी याविरुद्ध मोहीम काढली, त्या कॉलेजात फायनान्स शिकवायच्या, म्हणाल्या जिथे काउंटरवर बाई नाही तिथून खरेदीच करू नका. 2011 मध्ये राजाचा हुकूम निघाला आणि 2012 च्या जानेवारीपासून त्या दुकानांत बायकाच ठेवायची सक्ती झाली. नंतर मी गेले तेव्हा काउंटरवर नकाबातली एक मुलगी होती, तिची ती पहिलीच नोकरी, टेप लावताना तिचे हात थरथरत होते आणि मला काय बोलावं सुचेना म्हणून मी गरजेपेक्षा जास्त खरेदी करून आले.

इकडे कुणी सौदीच्या नावाने नाक मुरडलं की मला लहानपणचं सोलापूर आठवतं. मामाकडे गेलं की स्टँडजवळच्या हॉटेलात न्यायचा तो. बाहेरच्या हॉलमध्ये पुरुषांची गर्दी, बशीत चहा ओतून पिणारे, बिडीचा धूर, आणि आत कोपऱ्यात हिरवा पडदा, वर पाटी, "फॅमिली रूम". आजी त्या पडद्याआड गेल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही. आत सनमायका उखडलेलं टेबल, पंख्याचा खडखडाट, आणि पोऱ्या पडद्याबाहेरूनच ओरडणार, आत दोन डोसे का तीन? मामा एकटा असला तर त्याला आत बसू देत नसत. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचंच नाही. मुंबईच्या लोकलचा लेडीज डबा, 1992 ला सुरू झालेली लेडीज स्पेशल, एसटीतल्या खिडकीवरची राखीव सीटची अक्षरं, यांच्याबद्दल तर मी आजही कुणाशी वाद घालायला तयार आहे, ते हवंच. लेडीज डबा नसता तर मी नोकरी केली असती की नाही शंका आहे. पण लेडीज डब्यात पलीकडच्या माणसाला कुणी विचारत नाही की तुझी फॅमिली कुठे. तो त्याच्या डब्यात चढतो, त्याच गाडीने जातो, त्याच वेळेला पोचतो.

रियाधमध्ये हळूहळू सगळं बदललं. 2012 मध्येच तिथल्या गव्हर्नरांनी एकट्या पुरुषांनाही मॉलमध्ये सोडा असं सांगितलं, पण गार्डची सवय काही एका हुकमाने जात नाही. 2016 मध्ये मुतव्वांचा, म्हणजे त्या धार्मिक पोलिसांचा, अटक करायचा अधिकार काढून घेतला. 2018 च्या जूनमध्ये बायका गाडी चालवायला लागल्या, त्याच वर्षी थिएटर उघडलं, आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं की हॉटेलांना आता बायका-पुरुषांचे वेगळे दरवाजे ठेवायची सक्ती नाही. ज्याला ठेवायचेत त्याने ठेवा. माझी एक मैत्रीण अजून तिथे आहे, नाशिकची, ती सांगते की आता पोरं-पोरी एका टेबलावर बसतात, संगीत वाजतं, बऱ्याच ठिकाणी खोके काढून टाकलेत. आणि मग आवाज बारीक करून म्हणते, खरं सांगू, मला खोका बरा वाटायचा. मी तिला हसले नाही.

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी काय सांगणार होते? की तुझा बाउन्सर आणि माझा गार्ड भाऊ भाऊच, दोघंही बाईला पासासारखं वापरतात, पोरगी शेजारी उभी असली की पोरगा सभ्य. तिला कुणी विचारत नाही की बाई, या चौघांना तू ओळखतेस का, तुला यांच्याबरोबर नाचायचंय का. त्याच्या त्या दांडियात मुलींना पास निम्म्या किमतीत होता, तो काय मुलींवर प्रेम म्हणून? आत मुली दिसल्या की पोरं जास्त पैसे देतात म्हणून. पण भावालाही मी पूर्ण खोडून काढू शकत नाही. कारण त्याची स्वतःची मुलगी, भाच्याची बहीण, आदल्या वर्षी अशाच एका ठिकाणाहून रडत घरी आली होती आणि तेव्हा तिथे स्टॅग एंट्री चालू होती. वहिनी गप्प होती ती त्यामुळे. मग मी भाच्याला म्हटलं, तुझे पैसे परत मागितलेस का? तो म्हणाला, नाही, नॉन रिफंडेबल. म्हटलं मग आधी त्यासाठी भांड, पैसे घेताना त्यांना तुझी फॅमिली दिसली नाही वाटतं.

दापोलीकर पुढे कतारमध्ये दोह्याला गेला. फुटबॉल वर्ल्ड कपची सगळी कामं निघाली होती, पगार थोडा बरा, काम तेच, छत आणि डक्ट. तिथे 2010 चा एक कायदाच आहे की कुटुंबं राहतात त्या वस्त्यांमध्ये कामगारांचे कॅम्प नकोत, आणि तेव्हा शुक्रवारी मॉलमध्ये फॅमिली डे असायचा. तिथे ना दुधी काच, ना दोन दरवाजे, बायका मोकळ्या फिरतात, गाडी चालवतात, नोकऱ्या करतात. पाश्चात्त्य साहेब एकटा शॉर्ट्स घालून आला तर त्याला कुणी हटकत नाही. अडवतात कुणाला ते मला त्याने सांगायचीही गरज नव्हती, पण त्याने सांगितलं, व्हॉट्सॲपवर, व्हॉइस मेसेजमध्ये, मागे कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजतंय असा आवाज. मी विचारलं होतं की तिकडचे मॉल तरी आतून बघितलेस का. "शुक्रवारचं नाय सोडत वहिनी," तो म्हणाला, "आनि आमाला सुट्टी शुक्रवारचीच." मग जरा हसून, "तुमी कदी येताय दोह्याला? मुलगी सहा वर्षांची झाली, एक फ्रॉक घ्यायचाय."